आप्पा हडकुळे, मग शुगर कशी? (वय आणि स्नायूंच्या पेशीतली चरबी)

गोदाकाठ:
रामराम मंडळी. विषय जरा वैद्यकीय आहे. औषधाचा सल्ला नकोय, समजून घ्यायचंय.

आमचे आप्पा सत्तरीकडं झुकलेत. गंगाखेड तालुक्यात जमीन. उभा जन्म औत हाकलं, वजन कधी साठीच्या पुढं गेलं नाही. मागं गुडघ्यानं दगा दिला तसं शेत बटईनं लावलं आणि आईला घेऊन माझ्याकडं संभाजीनगरला आले. इथं काम काय, तर सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी सोसायटीच्या बाकड्यावर राजकारण. वजन आजही तेवढंच. उलट मांड्या वाळल्यात, धोतराचा काष्टा सैल पडायला लागलाय. आणि आता शुगर निघाली.

आईचं एकच पालुपद, "अंगावर मूठभर मास नाही, ह्यांला कशाची आली शुगर?" डॉक्टरांनी घाईघाईत एवढंच सांगितलं की वय झालं की स्नायूंच्या आत चरबी साठते, ती वरून दिसत नाही. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि आमचं तिथंच राहिलं.

स्नायूच्या आत म्हणजे नेमकं कुठं? आणि म्हातारपणीच का?

लाल_मातीतला:
मटणाच्या फोडीत पांढरी रेघ असती बघा, तीच आसंल. बांधून पोसलेल्या बोकडात लई असती, रानात चरणाऱ्यात कमी.

सुगरण_नांदेड:
वाचतेय. आमच्या घरातही सासऱ्यांचं असंच झालं. काडीसारखे होते.

शरीरक्रिया:
मी मराठवाड्यातल्याच एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. पेशंट तपासत नाही, तेव्हा गोळ्यांबद्दल मला विचारू नका.

लाल_मातीतला, तुम्ही म्हणता ती चरबी स्नायूच्या दोन पदरांमधली, चरबीच्याच पेशींची. माणसातही असते, वयाबरोबर वाढतेही, सीटी स्कॅनवर दिसते. डॉक्टरांच्या बोलण्यातली बहुधा त्याहून आतली आहे. स्नायूची एकेक पेशी म्हणजे लांबलचक तंतू. त्या तंतूच्या पोटात, आखडणाऱ्या दोऱ्यांच्या अधेमधे आणि पेशीच्या आवरणाच्या लगत, चरबीचे बारीक थेंब असतात. एक थेंब साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, कधी त्याहूनही लहान. बघायचे म्हटलं तर मांडीत जाड सुई घालून स्नायूचा कण काढायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नाहीतर एमआरआयच्या यंत्रावर स्पेक्ट्रोस्कोपी करायची. तिथं आतल्या आणि बाहेरच्या चरबीचे संकेत जरा वेगवेगळ्या जागी उमटतात, म्हणून सुई न टोचताही अंदाज येतो.

हे थेंब असणं हा आजार नव्हे. तुमच्या-माझ्या सगळ्यांत असतात. सावकाश पण तासन्‌तास काम करणारे जे तंतू आहेत, त्यांत जास्त असतात. दिवसभर निंदायला बसलेली बाई किंवा पंढरीला चालत निघालेला वारकरी यांच्या पायांना या थेंबांतूनही इंधन मिळतं. खाल्लं की थेंब भरतात, राबलं की रिकामे होतात.

आता वयाचं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१० च्या सुमारास तरुण आणि वयस्क माणसांच्या मांडीतले कण शेजारी शेजारी ठेवून तपासले. वयस्कांत तीन गोष्टी दिसल्या. थेंब आकारानं मोठे होते. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली चरबी-साखर जाळून ऊर्जा काढणारी केंद्रं, कमी होती. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी: मायटोकॉन्ड्रियाला चिकटून असलेल्या थेंबांचं प्रमाण घटलेलं होतं. थेंब लहान आणि केंद्राला खेटून असेल तर त्यातली चरबी चटकन जळायला जाते. मोठ्या थेंबाला त्याच्या आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग कमी, त्यात केंद्र लांब. म्हणजे माल गोदामात पडून.

गोदाकाठ:
हे भारी सांगितलं मॅडम. पण चरबी पडून राहिली तर राहू द्या, शुगरचा काय संबंध?

शरीरक्रिया:
संबंध असा. प्रयोगशाळेत इन्सुलिन देऊन मोजलं तर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेतला सुमारे ८० टक्के वाटा एकटे स्नायू उचलतात. इन्सुलिन पेशीच्या दाराशी येतं, आत निरोप जातो, मग ग्लूट-४ नावाचे वाहक आवरणापर्यंत येतात आणि साखर आत घेतात. चरबीचे पुरते न जळलेले, अर्धवट तुकडे पेशीत साचले की हा निरोप मधेच अडतो. यात दोन नावं वारंवार येतात, डायग्लिसराइड आणि सेरामाइड. इन्सुलिन दारात उभं, आत कुणाला पत्ता नाही.

येल विद्यापीठात किट पीटरसन आणि जेराल्ड शुलमन यांच्या गटाचं २००३ चं काम यात नेहमी सांगितलं जातं. ६१ ते ८४ वयाची निरोगी, सडपातळ माणसं घेतली आणि तेवढ्याच चरबीची, तेवढ्याच स्नायूंची तरुण पोरं. आप्पांसारखीच मंडळी म्हणा ना. वयस्कांच्या स्नायूंत इन्सुलिनच्या सांगण्यावरून साखर उचलणं सुमारे ४० टक्क्यांनी कमी, पेशीतली चरबी सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त, आणि मायटोकॉन्ड्रियाचं काम सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. वजनकाट्याला यातलं काहीच कळत नाही.

बालाघाट:
आमच्या भागात पेव असायची जमिनीत. ज्वारी भरून वरून माती लोटायची. ज्याचं पेव सारखं उघडायचं, त्याचं धान्य चांगलं. ज्यानं दोन-तीन सालं हात लावला नाही, त्याची कडेची ज्वारी काळी पडून आंबूस वास मारायची. तसलंच दिसतंय हे.

शरीरक्रिया:
उदाहरण वर्गात वापरणार, आधीच सांगून ठेवते. फक्त एक फरक. पेवातली ज्वारी जागच्या जागी खराब होते. इथं थेंबातली बंदिस्त चरबी तशी निरुपद्रवीच आहे. उपद्रव होतो तो थेंबातून सुटलेल्या, पण पुरत्या न जळलेल्या तुकड्यांचा. चरबी थेंबात नीट कोंबून ठेवणं हे एका परीनं पेशीचं संरक्षणच आहे.

लाल_मातीतला:
मॅडम, मग एक सांगा. मी पंचवीस वर्षं आखाड्यात घातली. दूध, तूप, बदाम, थंडाई, काय कमी खाल्लं नाही. आमच्या पायात तर चरबीचं गोदामच असणार. मग तालमीत असताना कुणा पैलवानाला शुगर का नव्हती?

शरीरक्रिया:
नेमक्या जागी बोट ठेवलंत. पैलवानांवरचं काम माझ्यासमोर नाही, पण लांब पल्ल्याच्या धावपटू-सायकलपटूंवरचं आहे. पिट्सबर्गमध्ये ब्रेट गुडपास्टर आणि मंडळींनी २००१ मध्ये दाखवलं की कसलेल्या खेळाडूंच्या स्नायूंत चरबी भरपूर, जवळपास मधुमेहाच्या रुग्णांइतकी किंवा वरचढ. आणि इन्सुलिनला प्रतिसाद मात्र सगळ्यांत चांगला. याला खेळाडूंचा विरोधाभास म्हणतात. म्हणजे नुसतं "स्नायूत किती चरबी" हे विचारून भागत नाही. ती रोज फिरते का, ते विचारायला हवं.

त्याच गावात २००८ मध्ये पुढचं काम झालं. साठी ओलांडलेली, वजन जास्त असलेली, बैठ्या सवयीची माणसं. १६ आठवडे मध्यम वेगाचं चालणं-सायकल असला व्यायाम दिला. पेशीतली चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढली! पण डायग्लिसराइड आणि सेरामाइड घटले आणि इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. वर्गात हे सांगितलं की पोरं हमखास वहीतून मान वर काढतात.

बालाघाट:
म्हणजे चरबी वाढली तरी चांगलं, आणि वाढली तरी वाईट. तुम्हा डॉक्टर लोकांचं बरं आहे 😀

प्रश्नचिन्ह:
बालाघाट, हसू नका, खरी भानगड तिथंच आहे. मी जीवरसायनशास्त्रात काम करतो, मूळचा उदगीरचा. मॅडमनी मांडलं ते पुस्तकातलं चित्र बरोबर आहे, पण त्याला दोन ठिकाणी ठिगळं आहेत.

पहिलं, डायग्लिसराइडला सरसकट खलनायक ठरवता येत नाही. २०११ मध्ये पिट्सबर्गच्याच गटाला कसलेल्या खेळाडूंत डायग्लिसराइडही जास्तच सापडलं. सेरामाइड मात्र कमी होतं. त्यामुळं आता लोक विचारतात की कोणतं डायग्लिसराइड, आणि पेशीत नेमकं कुठं? आवरणालगतचं वेगळं वागतं, थेंबातलं वेगळं.

दुसरं आपल्या जिव्हाळ्याचं. येलचं चित्र म्हणतं की मायटोकॉन्ड्रिया मंदावतात म्हणून चरबी साचते. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटानं २००८ मध्ये तिथं राहणाऱ्या भारतीयांचे स्नायू तपासले. इन्सुलिनला प्रतिसाद वाईट, पण मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जा काढायची ताकद गोऱ्या अमेरिकनांपेक्षा जास्त! त्याआधी १९९९ मध्ये लंडनमधल्या दक्षिण आशियाई पुरुषांच्या पोटरीत युरोपीय पुरुषांपेक्षा जास्त पेशीगत चरबी दिसली होती. पण युरोपीयांत जसं "चरबी जास्त तिथं इन्सुलिनचा प्रतिसाद कमी" असं नातं दिसलं, तसं आपल्या लोकांत दिसलं नाही. गोऱ्यांवरून बेतलेला अंगरखा आपल्याला जसाच्या तसा बसत नाही.

गोदाकाठ:
म्हणजे आप्पांचं कारण दुसरंच असू शकतं?

प्रश्नचिन्ह:
एकटं हेच कारण आहे असं म्हणू नका, एवढंच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा फोटो आठवा. ते आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. आपल्याकडचा हडकुळा माणूस आतून हडकुळा असेलच असं नाही. पोटाच्या आत, यकृतात चरबी असते आणि अंगावर स्नायू मुळातच कमी. त्यात आप्पांच्या मांड्या वाळल्या. साखर ठेवायचं भांडंच लहान झालं. पेशीतली चरबी हा या गोष्टीचा एक पदर आहे, अख्खं लुगडं नव्हे.

शरीरक्रिया:
मान्य. शेवटच्या मुद्द्याला तर दोनदा मान्य.

सुगरण_नांदेड:
बायकांचं काय हो? सगळे अभ्यास आप्पांचेच दिसतात.

शरीरक्रिया:
बरोबर टोचलंत. बायकांच्या स्नायूंत पेशीगत चरबी पुरुषांपेक्षा साधारणपणे जास्तच असते, पण थेंब संख्येनं जास्त, आकारानं मोठे नव्हेत. लांबवरच्या श्रमात बायका चरबी जास्त जाळतात. पाळी जाईपर्यंत इन्सुलिनचा प्रतिसादही बरा असतो. पुढं ती आघाडी कमी होत जाते.

सुगरण_नांदेड:
दुसरी शंका. उपासानं ही चरबी झडते का? आमच्याकडं नवरात्रात नऊ दिवस धरतात. माहूरला पायी जाऊन येणाऱ्याही आहेत.

शरीरक्रिया:
उलटं होतं. निव्वळ पाण्यावर तीन दिवस ठेवलेल्या तरुणांच्या मांडीत पेशीगत चरबी वाढलेली दिसली. पोटात अन्न नाही म्हणून अंगावरची चरबी वितळून रक्तात येते आणि स्नायू ती उचलून ठेवतात. खेरीज आपला उपास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, भगर. त्याला उपाशी राहणं म्हणायचं का, हे देवीच जाणे! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर नऊ दिवसांचं आधी डॉक्टरांना सांगा, साखर एकाएकी उतरू शकते. माहूरचं पायी जाणं मात्र स्नायूंना लाखमोलाचं.

औसा_रोड:
लातूरला ही चरबी तपासून मिळते का? आमच्या जिममध्ये एक मशीन आणलंय, अनवाणी उभं राहायचं, दोन दांडे धरायचे, स्नायूतली चरबी टक्क्यात छापून देतं. पाचशे रुपये घेतले आणि "तुमचे स्नायू साठ वर्षांच्या माणसाचे" म्हणून वर पावडरचा डबा गळ्यात मारला. मी चाळिशीचा आहे.

प्रश्नचिन्ह:
ते मशीन अंगातून बारीक विजेचा प्रवाह सोडून अंदाज बांधतं. सगळ्या अंगात चरबी किती, पाणी किती, एवढं ढोबळ सांगू शकतं. पेशीच्या आतला थेंब त्याला दिसायचा संबंधच नाही. सकाळी पाणी पिऊन गेलात की आकडे बदलतात. डबा परत करून बघा.

खरी तपासणी संशोधनापुरती आहे, दवाखान्यात तिचा उपयोग नाही. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) आणि कंबरेचा टेप पुरे. भारतीयांसाठी कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर, त्याच्या वर गेली की सावध. धोतर-पँट बांधतो तिथं मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, पोट आत न ओढता.

बालाघाट:
ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या गावातल्या लोकांवर कुणी हा अभ्यास करायला पाहिजे. सहा महिने पहाटेपासून कोयता, डोक्यावर मोळी, सगळा वख्त राबणं. आणि साठीत कंबर गेली की एकदम खाटंवर. काल घोडा, आज दगड.

शरीरक्रिया:
हा प्रश्न माझ्याही डोक्यात घोळतोय, आणि आप्पांनाही तो लागू आहे. "वय झालं" म्हणून आपण जे खपवतो, त्यात वयाचं किती आणि बसून राहण्याचं किती? मेयोच्याच गटानं २००८ मध्ये वर्षानुवर्षं नेमानं व्यायाम करणारी वयस्क माणसं घेतली. त्यांचा इन्सुलिनचा प्रतिसाद तशाच कसलेल्या तरुणांच्या बरोबरीचा होता. मायटोकॉन्ड्रिया पूर्ण तरुण नव्हते, थोडी घट राहिलीच होती. माझा कल सांगते: घट वयाची, पण तिचा भोवरा होतो तो बाकड्यावर. आप्पांचं शरीर आयुष्यभर रोज काही तास जाळायच्या हिशोबानं चाललं होतं. ते काम एका मोसमात थांबलं. भाकरी तेवढ्याच राहिल्या.

गोदाकाठ:
भाकरी कमी झाल्या मॅडम, पण पोळी-भात वाढला. इथं चुलीवरची ज्वारीची भाकर कोण थापणार म्हणून.

करडई_वाला:
तेल कोणतं वापरता? गावाकडं घाण्याचं करडईचं तेल असायचं, आता पामतेल. सगळं तिथंच बिघडलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं वाण काढलं तरी लोकं सोयाबीनच लावायलेत.

प्रश्नचिन्ह:
करडई चांगलीच, पण तेल बदलून पेशीतले थेंब रिकामे होत नाहीत. पाय हलले पाहिजेत.

करडई_वाला:
पाय तर पामतेलवाल्यांचेबी हलतात.

गोदाकाठ:
तेलावरून पेटायच्या आधी मुद्द्याचं विचारतो. गुडघा धड नाही, तर आप्पांनी करायचं काय? गच्चीवर चाला म्हटलं तर "मी काय बैल आहे का घाण्याचा" म्हणतात.

लाल_मातीतला:
हे माझ्यावर सोडा. म्हाताऱ्या पैलवानांला आम्ही हेच सांगतो. भिंतीला टेकवून पक्की खुर्ची ठेवा, प्लास्टिकची नको, घसरती. उशी टाकून बैठक जरा उंच करा. हात छातीवर बांधून उठायचं, आणि बसताना धपकन नाही, सावकाश, मांडीवर जोर घेत. जमंल तेवढं, दम खाऊन परत. गुडघ्यात कळ आली तर उंची वाढवा. मग ओट्याला धरून टाचा वर-खाली, पोटरीसाठी. आठवड्यातून दोन-तीनदा पुष्कळ झालं. आणि कुणीतरी पुढ्यात मोजायला बसा, नातू असंल तर उत्तम. एकटं म्हातारं माणूस करत नसतंय.

शरीरक्रिया:
उत्तम. गुडघा आणि हृदय डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करा. चालणंही तुकड्यातुकड्यानं चालेल, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं. आखडणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न बघताही साखर उचलतो आणि एका दिवसाच्या व्यायामाचा गुण साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणून खाडा फार लांबवायचा नाही. मांड्या भरायच्या तर ताटात वरण, मटकी, दही, चालत असतील तर अंडी, हे दोन्ही वेळा हवं. म्हाताऱ्या स्नायूला थोड्याशा प्रथिनानं जाग येत नाही. किडनीचा काही त्रास असेल तर हे प्रमाण विचारून ठरवा.

बालाघाट:
आणि गच्चीवर फिरवण्यापेक्षा हुरड्याला गावाकडं न्या की. बटईवाल्याचं रान बघायला दहा चकरा आपोआप होतील.

गोदाकाठ:
ते मी बोललो नाही, पण आप्पांनी परवाच बटईदाराला फोन लावून तूर कशी आहे ते विचारलं. आई म्हणती, गेले तर परत यायचे नाहीत.

शरीरक्रिया:
जाऊ द्या की मग. फक्त जायच्या आधी एचबीए१सी करून घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. आकडे इथं टाका, मला खरंच बघायचेत.

संपादक:
करडई विरुद्ध पामतेलाचे पुढचे सगळे प्रतिसाद 'खाद्यतेल' या धाग्यावर हलवले आहेत. तिकडे भांडावे.